पांढऱ्या डागाचं नाटक

२९ जानेवारी १९३७ च्या रात्री प्रागच्या एस्टेट्स थिएटरात पडदा वर गेला आणि प्रेक्षकांना सगळ्यात आधी दिसले ते तीन रोगी. हे आपल्याच वाट्याला का आलं, कुठून आलं, कुणाच्या पापाची ही फळं, असं त्यांचं आपसात चाललं होतं. नाटकाचं नाव ‘बीला नेमोत्स’, म्हणजे ‘पांढरा रोग’. लेखक कारेल चापेक. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जर्मनीत हिटलरला सत्तेवर येऊन चार वर्षं पूर्ण होत होती आणि त्या निमित्तानं तो राइशस्टागसमोर भाषण करणार होता. ती सरहद्द प्रागपासून शंभरेक किलोमीटरवर.

नाटकात मात्र जर्मनीचा उल्लेख नाही. देशाला नाव नाही. तिथल्या हुकूमशहालाही नाव नाही, तो नुसता ‘मार्शल’. तोफा आणि विषारी वायू बनवणाऱ्या कारखानदाराला तेवढं चापेकनं नाव दिलं आहे, बॅरन क्र्यूग. हे नाव ऐकताच एसेनचे तोफावाले क्रुप आठवू नयेत असा माणूस त्या रात्री प्रेक्षागृहात शोधूनही सापडला नसता.

चापेकची ओळख आपल्याकडे झाली आहे ती बहुतेक रोबोंमुळे. माणसानं बनवलेले कामकरी माणसावरच उलटतात, ही गोष्ट सांगणारं त्याचं ‘आर.यू.आर.’ प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर २५ जानेवारी १९२१ ला आलं आणि बघता बघता जगभर गेलं. पण ते नाटक लिहिणारा तिशीतला, कल्पनेच्या भराऱ्या घेणारा चापेक आणि ‘पांढरा रोग’ लिहिणारा चापेक यांच्यात सोळा वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात तो ‘लिदोवे नोविनी’ या दैनिकात जवळजवळ रोज लिहीत होता. बागकामावर, कुत्र्यामांजरांवर, इंग्लंड-स्पेनच्या प्रवासावर आणि राजकारणावरही. राष्ट्राध्यक्ष मासारिक यांच्याशी झालेल्या गप्पांची त्याची पुस्तकं घराघरांत वाचली जात. दर शुक्रवारी त्याच्या घरी लेखक-पत्रकारांचा अड्डा जमे आणि कधीकधी खुद्द मासारिकही तिथं येऊन बसत. थोडक्यात, हा माणूस हस्तिदंती मनोऱ्यातला नव्हता. देशाची नाडी त्याच्या हाताला रोज लागत होती.

नाडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. चापेकचे वडील डॉक्टर होते. बोहेमियाच्या डोंगराळ भागात खाणकामगार, विणकर, शेतकरी असे रुग्ण तपासताना त्यानं त्यांना लहानपणापासून पाहिलं होतं. स्वतः चापेकला ऐन विशीत पाठीच्या कण्याचा आजार जडला. त्यापायी पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतलं नाही आणि पुढं काठीनं साथ कधी सोडली नाही. डॉक्टरच्या खुर्चीवरून दिसणारं जग आणि खाटेवरून दिसणारं जग, दोन्ही त्याच्या परिचयाची होती. ‘पांढरा रोग’मध्ये इस्पितळाचे प्रवेश इतके खरे का वाटतात याचं उत्तर बऱ्याच अंशी इथं आहे.

नाटकाचं मूळ बीज त्याला फोउस्त्का नावाच्या एका डॉक्टर मित्रानं दिलं होतं. चापेकनं छापील नाटकाला जोडलेल्या प्रस्तावनेत हे मोकळेपणानं नोंदवलं आहे. मित्राच्या कल्पनेत एक डॉक्टर कॅन्सरच्या गाठी नष्ट करणारे किरण शोधतो, त्याच किरणांनी माणसंही मारता येतात हे त्याच्या लक्षात येतं आणि त्या बळावर तो जगाचा मालक होतो. हे असंच लिहिलं असतं तर एक खिळवून ठेवणारं रहस्यनाट्य झालं असतं, त्याहून अधिक काही नाही. चापेकनं किरण काढून टाकले, कॅन्सर बाजूला ठेवला आणि त्या जागी एक साथीचा रोग आणला. डॉक्टरच्या हातातलं मारण्याचं सामर्थ्यही काढून घेतलं. ठेवलं ते फक्त बरं करण्याचं सामर्थ्य. आणि मग विचारलं, एवढ्याच्या जोरावर हा माणूस जगाला वाकवू शकेल का?

रोग असा आहे. त्वचेवर एक पांढरा डाग उठतो, संगमरवरासारखा थंड आणि बधिर. टाचणी टोचली तरी कळत नाही. पुढं अंग सडायला लागतं, दुर्गंधी सुटते आणि काही महिन्यांत माणूस जातो. रोग पूर्वेकडून, चीनमधून आलेला आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो तरुणांना होत नाही. पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या माणसांना धरतो. या योजनेत लेखकाची खरी चलाखी आहे. सत्ता, पैसा, पदव्या, कारखाने, सैन्य हे सगळं ज्यांच्या हातात असतं नेमक्या त्या वयावर रोगानं बोट ठेवलं आहे. प्रयोगाच्या वीसच दिवस आधी चापेकनं स्वतः सत्तेचाळीस पूर्ण केली होती. स्वतःलाही त्यानं यादीतून वगळलं नव्हतं.

तीन अंकांना त्यानं तीन माणसांची नावं दिली आहेत. पहिला अंक दरबारी सल्लागाराचा, दुसरा बॅरन क्र्यूगचा, तिसरा मार्शलचा. विद्या, पैसा आणि सत्ता अशी ही चढती भाजणी आहे. ज्याला नायक म्हणावं त्या डॉक्टर गालेनच्या नावाचा अंक नाही. तो प्रत्येक अंकात दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला दिसतो. काहीसा अवघडलेला, बोलताना अडखळणारा, गरीब वस्तीत दवाखाना चालवणारा हा डॉक्टर. पर्गामॉनच्या प्राचीन वैद्याचं भारदस्त नाव त्याला मिळालं आहे, पण ते पेलण्याइतका रुबाब त्याच्याकडे नाही.

पहिल्या अंकातला दरबारी सल्लागार म्हणजे प्राध्यापक सिगेलियस, लिलिएनथाल क्लिनिकचा प्रमुख. ज्याच्या नावानं क्लिनिक चालतं त्या थोर लिलिएनथालचा हा जावई. ज्ञानापेक्षा खुर्ची सांभाळण्यात त्याची हयात गेली आहे. पत्रकाराशी बोलताना तो रोगाची शास्त्रीय माहिती ऐटीत सांगतो. उपचाराचं विचारलं की त्याच्याकडे काही नसतं. दुर्गंधी झाकायची आणि वेदना कमी करायची, एवढंच त्याचं वैद्यक. गालेन औषध सापडल्याचं सांगत येतो तेव्हा त्याला आधी हाकलायचंच सिगेलियसच्या मनात असतं. अखेर परवानगी मिळते ती तेरा नंबरच्या वॉर्डापुरती, जिथं फुकटचे रुग्ण असतात. औषध लागू पडतं. मार्शल स्वतः वॉर्ड पाहायला येतो, रोग्यांमधून निर्भयपणे फिरतो आणि कौतुक करतो सिगेलियसचं. ज्या कुणी सरकारी इस्पितळात मंत्र्यांचा दौरा पाहिला आहे त्याला हा प्रवेश समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आणि तिथंच गालेन पत्रकारांना आपली अट सांगतो. गरिबांना तो औषध देत राहील. पण श्रीमंतांना, बड्यांना, ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना औषध हवं असेल तर त्यांनी आपलं वजन युद्ध थांबवण्यासाठी खर्च करावं. राष्ट्रांनी कायमच्या शांततेचा करार करावा, मग औषध सगळ्या जगाचं.

नाटकात या बड्या माणसांच्या मध्ये एक साधं घर येतं, आणि नाटकाचा कणा तिथं आहे असं म्हटलं तर चुकणार नाही. बाप, आई, तरुण मुलगा आणि मुलगी, यांना नावंसुद्धा नाहीत. बाप क्र्यूगच्या कारखान्यात हिशेबनीस. संध्याकाळी पेपर वाचता वाचता साथीच्या बातम्यांवर बोलणं निघतं आणि तरुण पिढीचा सूर लागतो तो असा, की म्हातारी माणसं गेल्याशिवाय आम्हाला नोकऱ्या कुठून मिळणार? बाप संतापतो. पण पुढं वरची माणसं रोगानं जातात, बापाला बढती मिळते, आणि जेवणाच्या टेबलावर तोच रोगाचे आभार मानण्याच्या बेतात येतो. मग बायकोच्या मानेवर पांढरा डाग दिसतो. ती सांगते तीसुद्धा संकोचून, जणू आपल्याच हातून काही चुकलंय अशा आवाजात.

बाप तिला घेऊन गालेनकडे जातो. गालेन विचारतो, तुम्ही काम कुठं करता? क्र्यूगकडे म्हटल्यावर सांगतो, ती नोकरी सोडा, मी औषध देतो. ज्या खुर्चीसाठी आयुष्य घातलं ती आत्ता कुठं मिळाली आहे, आणि ती सोडायची? बापाला ते जमत नाही. बायको जाते.

शांततावादी नाटक म्हणून ‘पांढरा रोग’ची ओळख करून देणारे बहुतेक जण या प्रवेशावरून घाईनं पुढं सरकतात. सरकू नये. मार्शलच्या तोफांशी या बाईचा संबंध काय? तिनं एक काडतूसही बनवलेलं नाही. तरीही एका सज्जन, कनवाळू डॉक्टरनं तत्त्वासाठी तिला मरू दिलं. गालेन स्वतः युद्धात डॉक्टर होता, माणसांच्या चिंधड्या त्यानं जवळून पाहिल्या आहेत, त्याचं दुःख खोटं नाही. पण रुग्ण दारात आल्यावर त्याला अट घालायचा हक्क डॉक्टरला कुणी दिला? अट घालून जग बदलायला निघालेला माणूस हुकूमशहापासून नेमका किती दूर असतो? चापेक हा प्रश्न उच्चारत नाही. बाईला मरू देतो आणि प्रेक्षकाला त्यावर विचार करत बसवतो. गालेनला निव्वळ संत समजून नाटक करणाऱ्या दिग्दर्शकाच्या हातून या नाटकाचा जीव जातो.

दुसऱ्या अंकातला एक प्रवेश तर रंगमंचीय बांधणीचा धडाच आहे. सिगेलियस बॅरन क्र्यूगकडे आला आहे. साथ कशी आटोक्यात आणायची याची त्याच्याकडे आता एक योजना आहे. ज्याच्या अंगावर पांढरा डाग दिसेल त्याला छावणीत टाकायचं, काटेरी तारा लावायच्या, पहारा बसवायचा. बाहेर पडू पाहणाऱ्याला गोळी. प्राध्यापकमहाशय हे सगळं अतिशय सुसंस्कृत स्वरात मांडतात. समोर बसलेल्या क्र्यूगच्या अंगावर तो डाग आधीच उठलेला आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. नाटक १९३७ चं आहे हे इथं पुन्हा आठवावं. दाखाउची छावणी तेव्हा चार वर्षांची होती. तिचं पुढं काय होणार हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

क्र्यूग भिकाऱ्याचा वेष करून गालेनकडे जातो. गालेन त्याला ओळखतो. पैशाचा कुठलाही आकडा सांगून उपयोग होत नाही. अट एकच, कारखाना थांबवा. भेदरलेला क्र्यूग मार्शलकडे जातो आणि आपल्याला रोग झाल्याचं सांगतो. मार्शल काय करतो? हात पुढं करून त्याच्याशी हस्तांदोलन करतो. आपण मृत्यूला भीत नाही हे दाखवण्याची त्याची ही रीत. शांततेबद्दल मात्र तो एक अक्षर ऐकून घेत नाही. क्र्यूग घरी जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतो.

हे सगळं ज्या रंगमंचावर घडलं त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय नाटकाचा शेवट नीट कळत नाही. काउंट नोस्तित्सनं स्वतःच्या पैशानं बांधलेलं हे नाट्यगृह १७८३ मध्ये लेसिंगच्या ‘एमिलिया गालोत्ती’नं उघडलं. दर्शनी भागावर लॅटिनमध्ये लिहिलेलं आहे, मायभूमीला आणि कलादेवतांना अर्पण. चार वर्षांनी, २९ ऑक्टोबर १७८७ ला, इथंच मोझार्टनं ‘डॉन जोव्हानी’चा पहिला प्रयोग स्वतः संचालन करून सादर केला. पुढं हे घर बोहेमियाच्या सरदार-जमीनदारांच्या सभेनं विकत घेतलं आणि त्यावरून त्याला आजचं नाव मिळालं. चेक माणूस त्याला स्तावोव्स्के दिवाद्लो म्हणतो. भाषा मुख्यतः जर्मन, चेकला मधूनमधून वाव. तरीही चेक राष्ट्रगीत जन्मलं ते याच रंगमंचावर. १८३४ च्या डिसेंबरात योसेफ कायेतान तिलच्या ‘फिदलोवाच्का’ या नाटकात फ्रांतिशेक श्क्रोउपनं चाल दिलेलं ते गाणं एका आंधळ्या वादकाच्या तोंडी होतं.

मग आलं १९२०. चेकोस्लोवाकिया स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि हे नाट्यगृह अजून जर्मनांकडेच होतं. १६ नोव्हेंबरला चेक जमाव आत घुसला, नाट्यगृह ताब्यात घेतलं आणि ते राष्ट्रीय रंगभूमीच्या पदरात टाकलं. लोकांना तो विजय वाटला. मासारिकना वाटला नाही. कायदा हातात घेऊन मिळवलेल्या त्या नाट्यगृहात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. चापेक मासारिकांच्या जवळचा. ही गोष्ट त्याला माहीत नसणं शक्यच नाही. सोळा वर्षांनी त्यानं आपल्या डॉक्टरला जमावाच्या हाती दिलं ते याच इमारतीत. यात त्याचा हेतू होता असं म्हणायला पुरावा नाही, पण प्रागच्या जुन्या प्रेक्षकाला ती आठवण चाटून गेली नसेल असं म्हणणंही अवघड आहे.

तिसऱ्या अंकात मार्शल युद्ध सुरू करतो. एका लहान शेजारी देशावर, युद्ध जाहीर न करताच. दोन दिवसांचं काम असं वाटलेलं असतं, पण लहान देश चिवटपणे लढतो. बाल्कनीतून लोकांना चेतवणारं भाषण करून मार्शल आत येतो. छाती ठोकून बोलताना त्याच्या लक्षात आलं आहे की छातीवर एके ठिकाणी हात लागल्याचंच कळत नाही. मुलगी गणवेशाची बटणं सोडते. पांढरा डाग.

इथून मार्शल माणूस म्हणून उलगडत जातो, आणि हे चापेकचं मोठं श्रेय. त्याला बुजगावणं करणं सोपं होतं. चापेकनं त्याला शौर्य दिलं, तडफ दिली, मुलीचं प्रेम दिलं आणि मरणाची भीतीही दिली. मुलगी आणि तिचा नियोजित नवरा, म्हणजे क्र्यूगचा मुलगा, दोघं मिळून त्याला वळवतात. सैन्य मागं घ्यायचं, तह करायचा, गालेनला फोन करायचा. गालेन आनंदानं औषधाची पेटी घेऊन निघतो. वाटेत रस्त्यावर गर्दी, झेंडे, युद्धाचा जयघोष. त्या घोषात तो बोलून जातो की युद्ध होता कामा नये. एवढं पुरतं. देशद्रोही ठरवून लोक त्याला तिथल्या तिथं मारतात. पेटीतलं औषध पायदळी जातं. त्या गर्दीत हिशेबनिसाचा मुलगाही आहे, ज्याची आई औषधावाचून गेली. वाड्यात वाट पाहणाऱ्या मार्शलचं काय होणार हे सांगायला चापेक थांबत नाही.

मार्शलचा हुकूम मागं घेता येतो. चेतवलेली गर्दी मागं घेता येत नाही. हुकूमशहावर टीका करणारी नाटकं त्या दशकात बरीच आली. हुकूमशहा बदलला तरी त्याच्या मागं उभे असलेले लोक बदलत नाहीत, हे इतक्या थंडपणे सांगणारी फार थोडी. ‘पांढरा रोग’ टिकलं ते यामुळं.

पहिल्या प्रयोगाचं दिग्दर्शन कारेल दोस्तालचं होतं. गालेन झाला होता ह्यूगो हास, मार्शल ज्देन्येक श्त्येपानेक. हास खरं तर विनोदी नट म्हणून लोकांचा लाडका. हसवणाऱ्या नटाच्या हातात गालेन दिल्यामुळं त्या भूमिकेतला भाबडेपणा आपसूक आला आणि उपदेशकी सूर टळला. त्याच वर्षी हासनं याच नाटकावर चित्रपट केला, दिग्दर्शन त्याचंच, गालेनही तोच आणि मार्शल पुन्हा श्त्येपानेक. डिसेंबर १९३७ मध्ये तो प्रागमध्ये लागला. लंडनच्या रंगभूमीवर १९३८ मध्ये हे नाटक ‘पॉवर अँड ग्लोरी’ या नावानं आलं.

पुढचा इतिहास नाटकापेक्षा वेगानं पळाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये चापेकचं ‘आई’ हे नाटक प्रागच्या याच एस्टेट्स थिएटरात आलं. त्यात नवरा आणि मुलगे गमावलेली एक आई उरलेला शेवटचा मुलगा घरात लपवू पाहते आणि अखेर स्वतःच त्याच्या हातात बंदूक देते. गालेनच्या अटीपासून या बंदुकीपर्यंत चापेक एका वर्षात आला होता. सप्टेंबरात देशानं सैन्य उभं केलं, पण म्युनिकला मोठ्या राष्ट्रांनी परस्पर सौदा केला आणि लढायची वेळच येऊ दिली नाही. म्युनिकनंतर देशातल्याच वर्तमानपत्रांनी आणि निनावी पत्रांनी चापेकला झोडपलं. नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९३८ ला, न्यूमोनियानं तो गेला. मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये आल्या आणि गेस्टापो त्याला पकडायला घरी पोचले, तेव्हा त्याच्या नटी असलेल्या पत्नीनं, ओल्गा शाइनफ्लुगोवानं, तो आधीच गेल्याचं त्यांना सांगितलं. भाऊ योसेफ, चित्रकार आणि अनेक पुस्तकांतला त्याचा जोडीदार, सप्टेंबर १९३९ मध्ये पकडला गेला आणि १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत संपला. हास ज्यू होता. तो अमेरिकेला निसटला. त्याचा संगीतकार भाऊ पावेल निसटू शकला नाही, ऑशविट्झमध्ये मारला गेला.

२०२० नंतर हे नाटक हातात घेणाऱ्याचं लक्ष साहजिकच साथीकडे जाईल. चीनमधून आलेला रोग, वयस्करांवर घाला, पत्रकार परिषदेत आत्मविश्वासानं बोलणारे तज्ज्ञ, हे सगळं वाचताना दचकायला होतं. तो योगायोग आहे, आणि योगायोगाला द्यायचं तेवढंच महत्त्व त्याला द्यावं. वाचकानं नजर ठेवावी ती हिशेबनिसाच्या घरावर. ते कुटुंब दर वेळी काय बोलतं आणि मागच्या वेळेपेक्षा किती बदललेलं असतं, एवढं पाहत गेलं तर शेवटचा जमाव अचानक आला असं वाटणार नाही. आणि नाटक वाचून झाल्यावर हासचा चित्रपट मिळवून जरूर पाहावा. पहिल्या रात्रीचे गालेन आणि मार्शल दोघंही त्यात आहेत.